ट्रंक पोर्टवर 'ॲड' लिहिलंत का?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यातले तीन सर्व्हर मी बघतो. तिघांचं मिळून प्रॉक्समॉक्सचं क्लस्टर (प्रॉक्समॉक्स म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर), मध्ये सिस्कोचा स्विच. रॅक जिन्याखाली, कापसाचे तंतू पोर्टात जाऊन बसतात, म्हणून खिशात ब्रश ठेवतो.

व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं) तीन: 10 मॅनेजमेंटचा, 20 स्टोरेजचा, 30 ऑफिसच्या ईआरपीचा. तिन्ही एकाच वाटेने सर्व्हरपर्यंत न्यायचे म्हणजे ट्रंक हवा. प्रत्येक फ्रेमला (डेटाच्या पाकिटाला) 802.1क्यूची चार बाइटची चिठ्ठी चिकटते, तिच्यावर व्हीलॅनचा नंबर.

प्रत्येक सर्व्हरला दोन वायरी दिल्यात, तेव्हा आधी त्यांची जोडी बांधायची. दोन्ही पोर्टवर 'चॅनल-ग्रुप 1 मोड ॲक्टिव्ह', सर्व्हरच्या बाजूला बाँडचा, म्हणजे त्याच जोडीचा, मोड 802.3एडी. दुसऱ्या सर्व्हरला ग्रुप 2, तिसऱ्याला 3; एकच नंबर तिघांना देऊ नका. जोडीमुळे एकच फाइल दुप्पट वेगाने जाईल असं मालकाला सांगू नका. एक कनेक्शन एकाच वायरीने जातं.

मग पोर्ट-चॅनलमध्ये (स्विच त्या जोडीला ज्या नावाने ओळखतो त्यात) शिरून 'स्विचपोर्ट मोड ट्रंक'. काही मॉडेलवर त्याआधी 'स्विचपोर्ट ट्रंक एन्कॅप्सुलेशन डॉट1क्यू' लागतं, 2960वर ती कमांडच नाही. नेटिव्ह व्हीलॅन (बिनचिठ्ठीच्या फ्रेम ज्यात जातात तो) मी 999 ठेवतो, जो कुठेच वापरात नाही. पण मग सर्व्हरचा आयपी नुसत्या ब्रिजवर (सर्व्हरमधल्या आभासी स्विचवर, 'व्हीएमबीआर0'वर) चालत नाही, 'व्हीएमबीआर0.10' वर हवा, आणि ब्रिजला 'व्हीलॅन अवेअर'ची टिक. ही टिक विसरून मी एकदा अर्धा दिवस वायरी बदलत बसलो होतो.

शेवटी परवानगीची यादी: 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 10,20,30'. पहिल्यांदा ठीक. नंतर नंबर वाढवताना मात्र 'ॲड' लागतंच.

मे महिन्यात कॅमेऱ्यांसाठी 40 वाढवायचा होता. जुळे सोलापुरातून, घरूनच, व्हीपीएनने कारखान्याच्या नेटवर्कात शिरलो, तिन्ही चॅनल एकदम निवडले आणि 'अलाउड व्हीलॅन 40' मारलं. यादीत चाळीस वाढला नाही, चाळीसच उरला. सर्व्हरना एकमेकांचा पत्ता लागेना, कोरम (क्लस्टरला लागणारं बहुमत) गेला, एचए (सर्व्हर पडला तर त्याचे व्हीएम दुसरीकडे उठवणारी सोय) चालू असल्यामुळे मिनिटभरात ते आपणहून रीबूट झाले. व्हीपीएनही त्यांच्यातल्याच एका व्हीएमवर, म्हणजे मीही बाहेर! रात्री अकराला गाडी काढली. वॉचमन मामा म्हणाले, "काय ओ साहेब, झोप न्हाई का?" स्विचला थेट कन्सोल केबल लावली, 9600 बॉडवर आत शिरलो, 'ॲड 10,20,30' दिलं.

तेव्हापासून बदलाआधी 'राइट मेमरी' देऊन चालू सेटिंग साठवतो, मग 'रीलोड इन 10'. चूक झाली तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या सेटिंगवर परत येतो. काम बरोबर झालं तर 'रीलोड कॅन्सल' न विसरता द्यायचं, नाहीतर दुसरा घोळ.

तपासायला 'शो इथरचॅनल समरी'; प्रत्येक पोर्टपुढे कंसात 'पी', म्हणजे पोर्ट जोडीत सामील, दिसला पाहिजे. मग 'शो इंटरफेसेस ट्रंक', त्यातला शेवटचा भाग बघा. तिथे तुमचा नंबर नसेल तर यादीत दिसूनही उपयोग नाही. बहुतेक वेळा स्विचवर तो व्हीलॅन तयारच केलेला नसतो.

क्लस्टरच्या आपसातल्या बोलण्यासाठी आता वेगळा, पाच पोर्टचा साधा स्विच लावलाय. त्याला सेटिंगच नाही, म्हणून मीही तिथे काही बिघडवू शकत नाही.