विंडोज सोडून लिनक्स मिंटवर जाताय? या चुका टाळा

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. इंटेल प्रोसेसरच्या सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे दादर-गिरगावातली डीटीपीची दुकानं, सोसायट्यांची ऑफिसं, अकाउंटंटांचे गाळे इथली चांगली चालणारी मशीन विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेली जाताहेत. मिंट बसवायला अर्धा-पाऊण तास पुरतो. डोकं फिरतं ते दुसऱ्या दिवशी, पहिली पावती छापायला घेतली की.

जुनी डिस्क पुसणं

इन्स्टॉलरमधला ‘इरेज डिस्क’ हा पर्याय सगळ्यात सोपा दिसतो आणि सगळ्यात महाग पडतो. त्यापेक्षा लॅमिंग्टन रोडवरून २५६ जीबीची एसएसडी आणा, जुनी डिस्क काढून तारीख लिहून कपाटात ठेवा आणि मिंट नव्या डिस्कवर बसवा. काही अडलं की डिस्क बदलली, विंडोज परत हजर. खरेदीआधी मशीन उघडून बघा: डिस्क कोणत्या जोडणीची लागते, अडीच इंची साटा की पट्टीसारखी एम डॉट टू? एम डॉट टूमध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असतात. दिसायला सारखेच, पण एकाच्या स्लॉटमध्ये दुसरा बसला तरी चालेलच असं नाही. दुकानदाराला मदरबोर्डचा किंवा लॅपटॉपचा मॉडेल नंबर दाखवा.

एकाच डिस्कवर विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवायचीच असतील तर आधी विंडोजमध्ये दोन कामं करा. बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर बंद करा, नाहीतर बूटची सेटिंग बदलल्यावर मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागत बसेल. फास्ट स्टार्टअपही बंद करा. तो चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग मिंटमधून त्या ड्राइव्हवर फाइल वाचता येते, लिहिता येत नाही. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर असतं, ते ‘एएचसीआय’ करावं लागतं. पण थेट बदलू नका, विंडोज निळा पडदा दाखवेल. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं ठरवा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन या आणि ते सेटिंग काढून टाका.

मिंटमधून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसतं, ते बॅटरी गेली म्हणून नव्हे. मिंट मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मिंटला स्थानिक वेळ लिहायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

लाइव्हवर न तपासता बसवणं

मिंटची आयएसओ (डाउनलोड केलेली इन्स्टॉलरची) फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर त्यावरून मशीन सुरू होत नाही. ती एचर किंवा रूफस या प्रोग्रामने लिहावी लागते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरून मिंट ‘लाइव्ह’, म्हणजे डिस्कवर न बसवता, सुरू करून वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं बघा. वायफाय नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा आणि ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा. रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या.

मराठीचा विचार नंतर करू म्हणणं

टायपिंग आणि जुन्या फाइली ही दोन वेगळी दुखणी आहेत. टायपिंगचं सोपं. इनस्क्रिप्टवाल्यांनी कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय गटातला मराठी लेआउट जोडावा. फोनेटिकवाल्यांना (इंग्रजी स्पेलिंगने मराठी टाइप करणाऱ्यांना) आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं एम१७एन पॅकेज लागतं. ते टाकल्यावर ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस निवडून एकदा लॉगआउट करावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. चाचणीला ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ दाबली की ‘ऱ्य’ उमटायला हवा.

खरी अडचण श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांतल्या मजकुराची. त्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच. असतात ते इतर चिन्हांचे कोड, वरून मराठी फॉन्टचा अंगरखा. फॉन्ट नाही तर गिचमिड. फॉन्ट मिंटमध्ये टाकला तर मजकूर दिसेल, पण दुरुस्तीला लागणारं जुनं टायपिंग सॉफ्टवेअर विंडोजचं असतं. म्हणून विंडोज हाताशी आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या मशीनवर सारख्या चालणाऱ्या अक्षरकोडमध्ये) बदलून घ्या आणि पहिली वेलांटी व रफार डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नोंदवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. कन्व्हर्टर घसरतो तो इथेच. तयार लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं यांच्या पीडीएफ काढून ठेवा. आणि रोजचं काम पेजमेकर-श्रीलिपीवरच असेल तर सरळ सांगायचं तर ते मशीन हलवू नका. इंटरनेट तोडून विंडोजवरच राहू द्या.

लिबरऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्डसारखं ऑफिस सॉफ्टवेअर) स्टाइलचा फॉन्ट बदलूनही मराठी तसंच राहतं, कारण देवनागरीचा फॉन्ट आणि आकार ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’खाली वेगळा असतो. भाषाही तिथेच मराठी करा. कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया या फॉन्टांच्या जागी कार्लिटो आणि कॅलाडिया टाकले की इंग्रजी पानं फारशी हलत नाहीत.

प्रिंटर ओळखला म्हणजे झालं असं समजणं

एचपी लेझरजेट १०२० किंवा पी११०८ जोडला की मिंट नाव दाखवतं, काम रांगेत जातं, पण कागद हलत नाही. या प्रिंटरांना एचपीचा वेगळा प्लगइन लागतो. त्याची आवृत्ती एचपीएलआयपीच्या (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हर पॅकेजच्या) आवृत्तीशी जुळावी लागते, म्हणून अपडेटनंतर छपाई बंद पडली तर आधी प्लगइन पुन्हा टाका. कॅनन एलबीपी २९००चा लिनक्स ड्रायव्हर जुना आणि कटकटीचा आहे. तोच एकमेव प्रिंटर असेल तर मिंटचा निर्णय त्यावर छापून बघितल्यावरच घ्या.

हिशेबाचं टॅली विंडोजसाठी आहे. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि कराच्या पोर्टलची सही करणारी यूटिलिटी, दोन्ही लिनक्ससाठी मिळतात का ते रिटर्नच्या शेवटच्या तारखेआधी बघा.

मिंटमधलं टाइमशिफ्ट सिस्टिमच्या फाइली मागे नेतं. तुमची कागदपत्रं आपणहून त्यात धरत नाही. त्यांच्यासाठी ‘बॅकअप टूल’ वेगळं चालवा, तेही दुसऱ्या डिस्कवर.