फिल्म स्कूल निवडताना आधी कॅमेरे मोजा

माहितीपत्रकातले चकाचक स्टुडिओ बघून मी प्रवेश घेतला. वर्गात चाळीस जण, चालू कॅमेरे दोन. माझी पाळी यायची तेव्हा नेमकी बॅटरी उतरलेली. म्हणून चौकशीला गेलात की पहिला प्रश्न हा: एका विद्यार्थ्याच्या वाट्याला वर्षात किती फिल्म्स येतात, आणि खर्च कोणाचा? केलेल्या फिल्मचे हक्क कोणाकडे राहतात, हेही करारात वाचा. काही संस्था ते स्वतःकडेच ठेवतात.

नामवंत माजी विद्यार्थ्यांचे भिंतीवरचे फोटो सोडा. गेल्या वर्षीच्या डिप्लोमा फिल्म्स मागा आणि डोळे मिटून ऐका. दर कटला, म्हणजे शॉट बदलतो तिथे, खोलीचा मागचा आवाज बदलत असेल, तर तिथे साउंडकडे कुणाचं लक्ष नाही समजा. (मी साउंडवाला, त्यामुळे हे जरा जास्तच टोचतं.)

दिग्दर्शनच करायचं ठरलंय? तरी पहिल्या वर्षी संकलन, ध्वनी, छायाचित्रण सगळं हाताळू देणारी जागा बघा. मिलोश फोर्मन प्रागच्या फामू या फिल्म स्कूलमध्ये पटकथालेखन शिकले, नाव झालं दिग्दर्शक म्हणून.

आणि भेट द्यायची तर रात्री नऊनंतर द्या. एडिट रूमला कुलूप दिसलं, तर मी तरी तिथे फी भरणार नाही.