आखातात नोकरीला निघताना : मिस्सा, बाप्तिस्म्याचा दाखला आणि कंपाउंडची भिंत

वसईहून दुबई-कुवेतला निघालेल्या माणसाच्या बॅगेत सुके बोंबील आठवणीने जातात. बाप्तिस्म्याचा दाखला मात्र घरच्या कपाटातच राहतो, आणि दोन वर्षांनी लग्न ठरलं किंवा मूल झालं की तो पहिल्यांदा आठवतो. म्हणून सुरुवात कागदांपासून.

निघायच्या महिनाभर आधी आपल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, ऑफिसात जाऊन बाप्तिस्मा आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) यांचे दाखले काढा. लग्न झालेलं असेल तर चर्चचा लग्नाचा दाखलाही घ्या. दाखला हातात पडला की तिथेच पासपोर्ट उघडून ताडून बघा. नोंदवहीत ‘घोन्साल्विस’ आणि पासपोर्टवर ‘गोन्साल्विस’, नोंदवहीत ‘पास्कू’ आणि पासपोर्टवर ‘पास्कल’ हे आपल्याकडे नेहमीचं आहे. गावात सगळे ओळखतात म्हणून ते चालून जातं, परदेशातल्या चर्च ऑफिसात ओळखणारं कोणी नसतं. नावं जुळत नसतील तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं फादरांकडून सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या. एका चर्चचा कागद दुसऱ्या चर्चला द्यायचा असेल तर त्यावर मंत्रालयाचा किंवा वकिलातीचा शिक्का लागत नाही. एजंट तसं सांगून पैसे घेतात, देऊ नका.

सरकारी कामाचं वेगळं. बायकोचा किंवा नवऱ्याचा फॅमिली व्हिसा काढायला चर्चचा दाखला बहुतेक ठिकाणी पुरत नाही. लग्नाची नोंदणी करून सरकारी दाखला घ्या. त्यावर आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. पुढची वाट देशावर ठरते. ओमान, बहारीन आणि सौदी अरेबिया अपॉस्टिल करारात आहेत, त्यामुळे तिथे अपॉस्टिलवर, म्हणजे करारातल्या देशांत चालणाऱ्या परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यावर, भागतं. यूएई, कुवेत आणि कतारसाठी त्या देशाच्या वकिलातीचा शिक्काही घ्यावा लागतो. नियम बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी वकिलातीची वेबसाइट एकदा बघा.

लग्न वसईत आणि नवरामुलगा दुबईत, हा नेहमीचा प्रकार. इथे बाप्तिस्म्याचा जुना दाखला चालत नाही, गेल्या सहा महिन्यांत काढलेला लागतो. कारण साधं आहे : माणसाचं चर्चमध्ये लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत, त्याच्या नावासमोर होते. ताज्या दाखल्यावरून तो अविवाहित असल्याचं कळतं. त्याशिवाय, तो जिथे राहतो त्या आखातातल्या चर्चकडून लग्नाला मोकळा असल्याचं पत्र आणि लग्नपूर्व कोर्सचा दाखला लागतो. या पत्रासाठी तिथल्या चर्चमध्ये तुमची नोंद असणं सोयीचं. तीन वर्षं मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) मागच्या बाकावर बसून गुपचूप निघून जाणाऱ्याला ऑफिसात कोणी ओळखत नाही, मग साक्षीदार शोधत बसावं लागतं. पोचल्यावर पहिल्याच महिन्यात नाव नोंदवा, आणि लग्नाचे कागद किमान चार महिने आधी हलवायला घ्या. हॉल आधी बुक करून कागद मागून करणारे शेवटी फादरांवर चिडतात.

तिकडेच मुलाचा बाप्तिस्मा करायचा असेल तर मुलाचा जन्मदाखला, आईवडिलांचा चर्चमधला लग्नाचा दाखला आणि ओळखपत्रांच्या प्रती तयार ठेवा. धर्मबाप किंवा धर्मआई साधारणपणे १६ वर्षांवरची आणि दृढीकरण झालेली हवी, आणि त्याचा दाखला मागितला जातो. गावचा मामाच धर्मबाप हवा असा हट्ट असेल तर त्याच्या वतीने दुसरा कोणी उभा राहू शकतो, पण नोंद मामाच्या नावाने करायची हे आधी सांगा.

आता चर्च कुठे आहे ते. दुबईत ऊद मेथाला सेंट मेरीज आहे. १९६७ साली तिथलं पहिलं चर्च उभं राहिलं, जमीन शेख रशीद यांनी दिली होती. मेट्रोच्या ग्रीन लाइनवर ऊद मेथा स्टेशनला उतरून चालत जाता येतं. प्रोटेस्टंट मंडळींसाठी शेजारीच होली ट्रिनिटी आहे, आणि एकाच आवारात अनेक मंडळ्यांच्या उपासना चालतात. जेबेल अलीला सेंट फ्रान्सिस, अबूधाबीला सेंट जोसेफ कॅथेड्रल, शारजाला सेंट मायकल. मस्कतला रुवीमध्ये सेंट पीटर अँड पॉल, कुवेत शहरात होली फॅमिली, बहारीनला मनामात सेक्रेड हार्ट. अवालीचं मोठं कॅथेड्रल २०२१ मधलं. दोह्याला सगळी चर्चं शहराच्या कडेला एकाच आवारात आहेत, कॅथलिकांचं अवर लेडी ऑफ द रोझरी २००८ साली उघडलं. बाहेरून क्रूस दिसत नाही, पहिल्यांदा जाणारा गोदाम समजून पुढे निघून जाईल. गेटवर बॅगांची तपासणी होते, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा आणि वीस मिनिटं आधी पोचा. मराठी मिस्सा मिळेलच असं धरून चालू नका, वेळापत्रकात आधी कोकणी शोधा.

वारांचा घोळ समजून घ्या. यूएईत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम, शारजात शुक्रवारही सुट्टीचा. कुवेत, कतार, ओमान, बहारीनमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची आणि रविवारी ऑफिस. तिथे रविवारचीच मिस्सा शुक्रवारी आणि शनिवारी होते, वाचनंही रविवारचीच असतात. ‘रविवार चुकला’ म्हणून जीव टांगणीला लावायचं कारण नाही. गंमत अशी की तिथे गुड फ्रायडे आपोआप सुट्टीचा येतो आणि ईस्टर कामाचा. नाताळची सुट्टी अर्ज करूनच मिळते, आणि डिसेंबरात सगळेच अर्ज करतात, तेव्हा तुमचा ऑक्टोबरात टाका.

ईस्टरच्या आधीचा आपला उपवासकाळ आणि रमजान काही वर्षं एकत्र येतात. २०२५ मध्ये रमजान १ मार्चला सुरू झाला आणि उपवासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, ५ मार्चला आला. आपला सक्तीचा उपवास दोन दिवसांचा, बाकी शुक्रवारी मांस वर्ज्य. रमजानचा नियम मात्र तुमच्या धर्माकडे बघत नाही. कुवेतमध्ये रमजानात दिवसा सार्वजनिक जागी खाणं-पिणं हा १९६८ च्या कायद्याने गुन्हा आहे, शिक्षा १०० दिनारांपर्यंत दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. सिग्नलला उभ्या गाडीत पाण्याची बाटली तोंडाला लावणंही त्यात धरलं जाऊ शकतं. यूएईत आता बरीच सैल वागणूक आहे, तरी ऑफिसच्या पँट्रीत डबा उघडण्याआधी विचारा.

पुष्कळ माणसं अडकतात ती श्रद्धेपायी नाही, चांगुलपणापायी. गावच्या चर्चच्या छपरासाठी, कोणाच्या ऑपरेशनसाठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी फिरते : ‘डाबरे १००, परेरा ५०, तुस्कानो बाकी’. यूएईत २०२१ च्या देणगीविषयक कायद्याने परवानाधारक संस्थेशिवाय कोणी देणगी गोळा करू शकत नाही. चर्चच्या आवारात डबा फिरतो तो चालतो, तुमच्या ग्रुपवरची यादी चालत नाही, आणि लेखी यादी म्हणजे आयता पुरावा. गावाला पैसे पाठवायचे तर ज्याने त्याने आपल्या खात्यातून थेट धर्मग्रामाच्या खात्यात भरावेत. परदेशातून किंवा एनआरआय खात्यातून रक्कम घेताना कोणते नियम लागतात ते फादरांनाही आधी विचारून ठेवा.

घरी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणायला हरकत नाही. दहा-बारा माणसं, स्पीकर नाही, रात्री उशीर नाही, जिन्यात चपलांचा ढीग नाही. पन्नास माणसं बोलवायची असतील तर चर्चकडे हॉल मागा. मुसलमान सहकाऱ्याला नाताळला जेवायला बोलवा, खुशाल बोलवा. त्याच्या हातात सुवार्तेची पत्रिका देऊ नका, त्याने धर्माबद्दल खोदून विचारलं तरी मिस्साला नेऊ नका. मुसलमानाचं धर्मांतर घडवणं तिथे गुन्हा आहे, आणि त्यात त्याचा जीवही तुमच्याइतकाच धोक्यात येतो. स्वतःपुरतं बायबल आणि जपमाळ बॅगेत असू द्या, गायनपुस्तकांचा गठ्ठा नको.

सौदीत चर्चच नाही. प्रार्थना घरात, आपल्यापुरती, क्रूस शर्टाच्या आत. दम्माम-खोबरला राहणारे २५ किलोमीटरचा किंग फहद पूल ओलांडून बहारीनला मिस्साला जातात. त्यासाठी सौदीचा एक्झिट-रीएंट्री व्हिसा आधी काढलेला हवा, आणि बहारीनचा व्हिसा मिळणं इकाम्यावरच्या (सौदीच्या रहिवासी परवान्यावरच्या) हुद्द्यावर अवलंबून असू शकतं. ईस्टरच्या आदल्या रात्री पुलावर गाड्यांची रांग लागते, दुपारीच निघा.