ब्लाउजची माया संपली तेव्हा

मी पुण्यात दत्तवाडीत राहते, घरीच ब्लाउज शिवते. शिवताना आत दीड इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवायची माझी पद्धत आहे. गिऱ्हाईक अंगाने सुटलं की एक शिलाई उसवायची, काम भागतं. अडीच वर्षांपूर्वी माझ्याच ब्लाउजची शेवटची शिलाई उसवली आणि पुढे माया उरलीच नाही. तेव्हा वय ५१, वजन ७१ किलो.

पहिलं काम टेपचं. वजनकाटा नसला तरी चालतो. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. (गिऱ्हाइकं हमखास ओढतात. मी गप्पा मारत राहते, मग विसरतात.) आपल्याकडे बाईची कंबर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचाच्या आत असावी, पुरुषाची ९०च्या आत, असं डॉक्टर सांगतात. माझी ३७ इंच भरली.

मग शेजारच्या वहिनींबरोबर पर्वतीची टेकडी चढायला सुरुवात केली. १०३ पायऱ्या, घरापासून चालत. तीन महिने एक दिवस चुकला नाही आणि कंबर अर्धा इंच वाढली! कारण उतरल्यावर साबुदाणा वडा आणि गोड चहा. ‘एवढं चढलोय’ म्हणून दोन-दोन वडे. पाऊण तासाच्या चालण्या-चढण्यात दीड-पावणेदोनशे कॅलरी जात असतील, दोन वडे आणि चहा त्याच्या सहज दुप्पट. पर्वती चढून वडा जिरत नाही, हे मला वाण्याच्या हिशेबाने कळलं, डॉक्टरांकडून नाही.

तो हिशेब असा. आम्ही घरात तिघं, महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा. माणशी दिवसाला ५० ग्रॅम तेल झालं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था बैठ्या कामाच्या बाईला साधारण २० ग्रॅम सांगते. एका ग्रॅमला ९ कॅलरी. म्हणजे माणशी २० ग्रॅम तेल जरी कमी केलं, तरी १८० कॅलरी वाचतात, जवळजवळ आख्खी पर्वती.

आता डबा आतल्या खोलीत असतो. रोज सकाळी १०० मिली तेल छोट्या बुधलीत काढते, दिवसभराचा स्वयंपाक त्यात बसवायचा. बुधली संपत आली की रात्री पिठलं-भाकरी, भाकरीला तेल लागत नाही. फोडणी ओतून नाही, चहाच्या चमच्याने. वांग्याची भाजी आधी झाकण ठेवून वाफवते. पहिले पंधरा दिवस आमचे ह्यांनी तोंड वाकडं केलं. मग महिन्याला तीन लिटरवर आलो.

उतरल्यावर आता घरी येऊन मुगाचं धिरडं आणि ताक, नाहीतर दोन उकडलेली अंडी. जेवताना आधी काकडीची कोशिंबीर आणि मटकीची उसळ, मग भाकरी. या क्रमाने बसलं की तिसरी भाकरी आपोआप राहते. भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, असं ज्या बायका सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. ज्वारीतही पिष्टच आहे. चहा चार वेळा, दर वेळी दोन चमचे साखर, म्हणजे रोज ४० ग्रॅम साखर होती. आता दोनदा, अर्धा-अर्धा चमचा. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी अर्धी वाटी आणि दही जास्त. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावालाच.

व्यायामाचं माझं गणित साधं आहे. चढताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका दम लागला पाहिजे. पहिल्या आठवड्यात एकदाच, मधे थांबत. उतरताना घाई नको, गुडघे चढताना नाही, उतरताना बोलतात. कडेने, एकेक पायरी. छातीत दुखत असेल किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि उपाशीपोटी जाऊ नका.

नुसतं चढून भागत नाही. आठवड्यातून दोनदा हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस, दहाच्या तीन फेऱ्या. मग भिंतीला हात लावून दंड, तेही तितकेच. पन्नाशीनंतर स्नायू झडतात, पोट कमी झालं तरी पाय काटकुळे होऊन उपयोग काय? आणि माझं खरं दुखणं होतं मशीन. दिवसाला नऊ-दहा तास बैठक. आता बॉबिनचा दोरा संपला की उठायचं, पाणी भरायचं, गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं, मगच नवी बॉबिन. लग्नसराईत हे मोडतं, खोटं कशाला सांगू.

महिन्यातून एकदाच मोजते, पहिल्या तारखेला, सकाळी. वर्षभरात कंबर साडेतेहेतिसावर आली, वजन मात्र चारच किलो उतरलं. साडेएकतीस अजून दूर आहे. रविवारी वडा अजूनही खातो, पण एक प्लेट दोघींत.

जुने ब्लाउज आता आत घेतलेत. नवा शिवला त्याला माया मात्र दीड इंचच ठेवलीय. दिवाळी तोंडावर आहे.