कोबाल्टचा उत्प्रेरक: पाण्याच्या या चुका टाळा

कार्बन मोनॉक्साईडचं ऑक्सिडीकरण करण्यात कोबाल्ट ऑक्साईडचा हात धरणारं स्वस्त द्रव्य शोधून सापडणार नाही. 2009 मध्ये त्याच्या नॅनो आकाराच्या कांड्यांनी उणे 77 अंश सेल्सियसलाही हे काम करून दाखवलं. मग आपला अॅल्युमिनावरचा (अॅल्युमिनियम ऑक्साईडच्या सच्छिद्र भुकटीवर चढवलेला) नमुना दीडशे अंशांनाही ढिम्म का बसून राहतो? मी पाहिलेल्या बहुतेक फसलेल्या नमुन्यांत गुन्हेगार एकच होता: पाणी.

हा नमुना करताना अॅल्युमिनात कोबाल्ट नायट्रेटचं द्रावण मुरवतात, वाळवतात आणि भाजून त्याचं ऑक्साईड करतात. पहिली चूक तराजूवरच होते. बाटलीतलं कोबाल्ट नायट्रेट हेक्साहायड्रेट असतं, म्हणजे दर रेणूबरोबर पाण्याचे सहा रेणू. त्याचं रेणुभारमान 291, त्यात कोबाल्ट जेमतेम 20 टक्के. 5 ग्रॅम अॅल्युमिनावर 10 टक्के कोबाल्ट चढवायचा तर 2.74 ग्रॅम नायट्रेट लागतं. निर्जल क्षाराचं 183 धरून हिशेब केला की 1.72 ग्रॅमच घेतलं जातं आणि नमुना साडेसहा टक्क्यांवर येतो. बाटली दमट झाली असेल तर आणखी कमी.

दुसरी चूक द्रावणाच्या आकारमानाची: अॅल्युमिनाच्या छिद्रांत मावेल तेवढंच ते हवं. ओव्हनमध्ये वाळवलेल्या एक ग्रॅम अॅल्युमिनावर थेंब थेंब पाणी सोडून पाहा. भुकटी वरून कोरडी दिसते, पण दाबली की नुकती चिकटते, तिथे थांबा. समजा 0.6 मिली बसलं, तर 5 ग्रॅमला 3 मिली. नायट्रेट विरघळवून द्रावण 3 मिलीपर्यंत *भरायचं*. क्षारात 3 मिली पाणी ओतलं तर आकारमान वाढतं आणि जास्तीचं द्रावण छिद्रांबाहेर राहून वाळताना तिथेच जाड कण बनवतं.

वाळवणीत घाई नको. हे नायट्रेट 55 अंशांच्या आसपास स्वतःच्याच पाण्यात वितळतं. ओली भुकटी जाड थरात ओव्हनमध्ये ठेवली की क्षार वर सरकतो: वर गडद, खाली फिकट गुलाबी. पातळ पसरा, मधूनमधून उलथा. पुढे झाकण घातलेल्या क्रुसिबलमध्ये भाजू नका. वाफ आणि तपकिरी नायट्रोजन ऑक्साईड तिथेच कोंडतात आणि कोबाल्टचे कण मोठे होतात. हवेचा प्रवाह ठेवून, मिनिटाला एक-दोन अंश चढवत 300 ते 350 पुरे. हे वायू विषारी आहेत, त्यामुळे काम फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात). आणि कोबाल्टचे क्षार कर्करोगकारक आहेत, हातमोजे काढू नका.

नमुना काळा हवा. निळा झाला तर भट्टी फार तापली आणि कोबाल्ट अॅल्युमिनेट बनलं. तो नमुना टाकून द्या.

एवढं सांभाळूनही चाचणीत निराशा होते, कारण वायूच्या नळीत ओलावा असतो. कोबाल्ट ऑक्साईडच्या पृष्ठभागावर पाणी चिकटलं की कमी तापमानावरची क्रिया बंद पडते. नमुना ठेवलेल्या रिअॅक्टरच्या आधी मॉलिक्युलर सीव्हचा (ओलावा शोषणाऱ्या सच्छिद्र दाण्यांचा) सापळा लावा आणि खोलीत कार्बन मोनॉक्साईडचा डिटेक्टर चालू ठेवा, त्या वायूला वास नसतो.

पहिल्या तासात चांगलं चाललेलं कार्बन मोनॉक्साईडचं डायऑक्साईडमध्ये रूपांतरण घसरत गेलं, तर कार्बन मोनॉक्साईड बंद करून नमुना कोरड्या हवेत 300 अंशांवर तासभर ठेवा आणि पुन्हा मोजा. क्रिया परत आली तर दोष बहुधा नळीतल्या ओलाव्याचा. नाही आली तर कण वाढलेत का ते एक्स-रे विवर्तनात तपासा.