जुनी साडी, रद्दी आणि पुठ्ठ्याचे खोके: घरात रोज वापरता येईल असं काय आणि कसं करायचं

दर वर्षी शाळा उघडल्या की आमच्या इंदूरच्या गल्लीत एक धावपळ ठरलेली आहे. पोराला शाळेतून बेस्ट आऊट ऑफ वेस्टचं प्रोजेक्ट मिळतं आणि आई संध्याकाळी राजवाड्याजवळच्या बाजारात पळते, तिथून चमकी, रंगीत थर्माकोल, ग्लू गनच्या कांड्या असं सगळं नवंकोरं सामान आणते, रात्री जागून वस्तू तयार होते, चार दिवस शोकेसवर राहते आणि मग सकाळच्या कचरागाडीत जाते. आणि जाताना तो पुठ्ठा पुठ्ठा राहिलेला नसतो, त्याला चमकी आणि प्लास्टिकचा गोंद इतका चिकटलेला असतो की रद्दीवालाही घेत नाही. आपल्या शहराचा 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर यायला लागला तो आपण घरोघरी ओला, सुका, प्लास्टिक सगळं वेगळं करून देतो म्हणून, आणि चांगला सुटा पुठ्ठा मात्र आपणच प्रोजेक्टच्या नावाखाली वाया घालवतो, हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून मी दोनच गोष्टी पाळते. वस्तू घरात वापरात आली पाहिजे, आणि सुई-दोरा, मैदा, मेथी यापलीकडे बाजारातून काही आणायचं नाही. खाली जे सांगतेय ते सगळं मी स्वतः केलेलं आहे.

सुरुवात कापडापासून. काय बनवायचं ते आधी ठरवू नका, आधी कापड कोणतं आहे ते ओळखा. कडेचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि गॅसच्या ज्योतीवर न्या. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मागे उरते ती राख बोटांत चुरते. पॉलिस्टर आधी वितळतं, आकसतं, काळा धूर येतो आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी राहतो. खरं रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो. हे सिंकपाशी करा, जवळ पाणी ठेवा, मुलांना एकट्याने करू देऊ नका. हे एवढं सांगते कारण माझी पहिली गोधडी त्यातच फसली, मधे एक छान दिसणारी सिंथेटिक साडी घातली होती, शिवताना आतला थर सारखा सरकत राहिला आणि दोन धुण्यांत तिच्या आत गोळे झाले, शेवटी सगळी उसवावी लागली.

आणि आजीची जुनी जरीची साडी असेल तर कात्री लावायच्या आधी जरी खरी आहे का ते विचारून घ्या, जुन्या खऱ्या जरीत चांदी असते आणि ती विकत घेणारे लोक आहेत. ती कापून पायपुसणं करू नका, प्लीज.

आता गोधडी. बाळाच्या गोधडीपासून सुरू करा, मोठी पहिल्यांदा घेतली तर अर्धवट राहते. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 216 इंच. 36 इंचाचे तुकडे केले तर बरोबर सहा होतात, पन्ह्यामुळे प्रत्येक तुकडा साधारण 36 बाय 45 चा. म्हणजे एका साडीत सहा थरांची एक आख्खी गोधडी बसते. तुकडे कात्रीने कापू नका, कडेला छोटा काप द्या आणि टर्रकन फाडा, सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्रीने तितकं सरळ कापलं जात नाही. मग प्रत्येक तुकडा खिडकीच्या उजेडात धरून बघा. जिथे साडी रोज निऱ्यांना, गुडघ्याला घासली गेली तिथे ती जाळीसारखी झालेली असते, पदराचा भाग बहुतेक धड असतो. विरलेले तुकडे आत आणि धड तुकडे वर-खाली. माझ्याकडे आईच्या मऊ झालेल्या महेश्वरी साडीची एक आहे, वर पदर आणि आत सगळा विरलेला भाग, इतकी मऊ की कोणती दुलई तिच्यापुढे टिकत नाही, माळव्यातल्या थंडीत रात्री पायावर घ्यायला तीच लागते.

थर जमिनीवर पसरा, हाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढा, कोपऱ्यांवर जड डबे ठेवा. मग लांब लांब कच्चे टाके घाला, आधी मधोमध उभा-आडवा आणि मग दोन्ही बाजूंनी. हे टाके शेवटी उसवायचेच आहेत पण हे टाळू नका, गोधडी वाकडी होते ती इथेच होते. बाकीचे तुकडे चारही बाजूंनी इंचभर कमी केले की खालचा तुकडा वर दुमडून कड बंद करता येते, वेगळी पट्टी लागत नाही. आणि मग धावदोरा, कडेने सुरू करून चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं, दोन ओळींत एका बोटाचं अंतर. दोरा हातभरच घ्या, त्यापेक्षा लांब घेतला की गुंततो आणि घासून तुटतो. गाठ थरांच्या मधे लपवायची, बाळाच्या अंगाला टोचता कामा नये. टाके बारीक पडत नाहीत म्हणून थांबू नका, पहिल्या चार ओळी वाकड्या येतात, पाचवीपासून हात बसतो. रोज तासभर बसलात तर दोन आठवड्यांत होते.

छोट्या चिंध्यांचं काय? ब्लाऊज शिवणाऱ्या टेलरकडे जा, अस्तराची कात्रणं पिशवी भरून मिळतात, बहुतेक सुती असतात, तरी एक धागा जाळून बघाच. जुने टीशर्ट तर फारच कामाचे, दोन इंचाच्या पट्ट्या कापून जरा ओढल्या की त्या आपोआप गोल वळतात, कडा दुमडायला लागत नाहीत. तीन पट्ट्यांची वेणी घाला, संपत आली की पुढची पट्टी शिवून जोडा पण तिन्ही एकाच जागी जोडू नका, तिथे जाड गाठोडं होतं. इंचभर रुंदीची 8 मीटर वेणी झाली की तिचं 40 बाय 60 सेंटिमीटरचं लंबगोल पायपुसणं होतं, आणि वेणी घालताना पट्टी साधारण तिसऱ्या हिश्श्याने आखडते म्हणून प्रत्येक पट्टी 12 मीटर धरा. वेणी टेबलावर सपाट ठेवूनच बाजूबाजूने शिवा. हातात धरून शिवली की आपण नकळत ओढतो आणि पायपुसण्याची वाटी होते. वळणावर बाहेरची वेणी थोडी सैल सोडायची.

कागदाचं काम जुनंच आहे, पूर्वी घराघरात बायका उन्हाळ्यात लगद्याच्या टोपल्या करायच्या. फक्त वर्तमानपत्राचा कागद घ्या, गुळगुळीत मासिकांचा नको, त्याच्यावर लेप असतो म्हणून तो नीट भिजत नाही. कागद फाडून घ्या, फाडला की कडेचे तंतू मोकळे होतात आणि तेच पुढे एकमेकांत गुंततात. दोन दिवस पाण्यात, रोज पाणी बदलायचं, मग खलबत्त्यात कुटा किंवा जुन्या मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून फिरवा. पाणी पिळून काढा पण खडखडीत कोरडं करू नका. किलोभर कोरड्या कागदाला मी दीडशे ग्रॅम मेथी घेते, रात्री भिजवून गुळगुळीत वाटलेली. मेथीचा चिकटपणा लगदा धरून ठेवतो, आणि कडवटपणामुळे कीड लागत नाही असं आई म्हणायची, माझ्या टोपल्यांना तरी कधी लागली नाही. घरात असलीच तर वाटलेली मूठभर मुलतानी माती घाला, वरून छान गुळगुळीत येतं.

पातेलं पालथं घाला, त्यावर ओलं कापड, आणि लगदा बोटभर जाडीचा थापत जा, खालून वर. कापड नसेल तर वाळल्यावर टोपली पातेल्याला सोडत नाही. पहिला दिवस सावलीत, एकदम उन्हात ठेवली तर तडे जातात. अर्धवट वाळली की काचेच्या बाटलीने घोटा, मग पातेलं काढून चार दिवस ऊन द्या. पावसाळ्यात हे काम करू नका, वास येतो आणि बुरशी धरते, मार्च ते मे हाच खरा टाइम. वरून मैद्याच्या खळीने जुन्या साडीचा काठ लावला की काम झालं. कांदे, लसूण, लोकर, शिवणाचं सामान काहीही ठेवा, पण पोळ्या, पापड, फरसाण थेट ठेवायचं नाही. वर्तमानपत्राच्या शाईचा अन्नाशी संबंध येऊ देऊ नका हे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2023 मध्येही सांगितलंय.

खळ कशी करायची ते इथेच सांगते. चार चमचे मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, तीन वाट्या उकळत्या पाण्यात ओता, ढवळत राहा, पारदर्शक दिसायला लागली की उतरवा. बुकबाइंडर त्यात मोरचूद घालतात टिकायला, पण ते विषारी आहे, घरात मुलं असतील तर नकोच, थोडी करा आणि दोन दिवसांत संपवा.

आता पुठ्ठा. ऑनलाइन सामानाचे खोके सगळ्यांच्या घरात साठलेत. इंदूरला अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, हुकूमचंद मिल 1991 ला बंद पडली तरी झांकी निघत राहिली, आणि लहानपणी त्या तयार होताना बघायला वडील घेऊन जायचे. तिथे वडील एक गोष्ट सारखी दाखवायचे, सांगाडा नीट असला तर सजावट कशीही चालते. गणपतीचं मखर करताना मी तेच धरून चालते. पुठ्ठ्याच्या पोटात नागमोडी कागदाच्या नळ्या असतात, खांब कापताना त्या नळ्या उभ्या यायला हव्यात, आडव्या आल्या की वजनाने खांब मधेच वाकतो. कमान वळवायची असेल तर उलट, नळ्यांच्या बाजूने एकेक सेंटिमीटरवर संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघा मारा, पुठ्ठा हळूहळू गोल वळतो, मोडत नाही. पाठीला आणि चौरंगाला दोन पुठ्ठे एकावर एक, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, मधे पातळ खळ, आणि रात्रभर वर पुस्तकांचं वजन. वजन नाही ठेवलं तर सकाळी पापडासारखा वळलेला मिळतो.

जोडायला गोंद वापरू नका, खाचा पाडा. खाच पुठ्ठ्याच्या जाडीइतकी रुंद आणि उंचीच्या अर्धी खोल, एकात वरून, दुसऱ्यात खालून, दोन्ही एकमेकांत बसतात. आधी छोट्या तुकड्यावर करून बघा, खाच सैल झाली तर मखर डुलतं. साडीचे काठ, ओढण्या हे सगळं टाचण्यांनी लावा, चिकटवू नका. समई आणि निरांजन मखरापासून दोन हात लांब, आणि आरतीच्या वेळी ओढणीचं टोक लोंबत नाही ना ते रोज बघायचं.

विसर्जन झालं की टाचण्या काढा, काठ धुऊन ठेवा, मखर सुटं करा आणि प्रत्येक भागाच्या मागे पेन्सिलने नंबर आणि वर कुठली बाजू ते लिहा, पुढच्या वर्षी त्याच्यावरच अर्धा तास वाचतो. सगळे भाग एकावर एक ठेवून सुतळीने बांधा आणि पलंगाखाली सरकवा, फरशीला टेकू देऊ नका, खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवा म्हणजे ओल लागत नाही.