नाव घासलेल्या फ्लॅश आयसीच्या पिना कशा ओळखायच्या

इचलकरंजीत मी रेपियर (बिनधोट्याच्या) मागांची कंट्रोल कार्डं दुरुस्त करतो. बऱ्याच कार्डांवर फ्लॅश आयसीचं, म्हणजे प्रोग्राम साठवणाऱ्या चिपचं, नाव बनवणाऱ्यानंच घासून टाकलेलं असतं. काही वर्षांपूर्वी अशाच एका आठ पिनांच्या आयसीला मी नेहमीच्या २५ सिरीजची फ्लॅश समजून सरळ प्रोग्रामर (आयसी वाचायचं-लिहायचं यंत्र) लावला. आयसी मेली, आतला प्रोग्राम गेला आणि दुसरं कार्ड येईपर्यंत मालकाचा माग बंद राहिला. पुढे तसंच दुसरं कार्ड हाती आलं तेव्हा कळलं, ती अ‍ॅटमेलच्या एटी४५डीबी जातीची होती. २५ सिरीजमध्ये ग्राउंड पिन ४ ला आणि व्हीसीसी (सप्लायचा प्लस) पिन ८ ला असतो. एटी४५ मध्ये ग्राउंड ७ ला, व्हीसीसी ६ ला, आणि पिन ८ मधून डेटा बाहेर येतो. मी त्या डेटाच्या पिनेत ३.३ व्होल्ट घातले होते. तेव्हापासून बाहेरून सप्लाय द्यायच्या आधी कार्ड त्याच्या स्वतःच्या सप्लायवर चालू करतो आणि आयसीच्या पिनांवर काय चाललंय ते लॉजिक अ‍ॅनालायझरवर (पिनांवरचे ०-१ सिग्नल लॅपटॉपवर दाखवणाऱ्या यंत्रावर) बघतो.

सुरुवात मल्टिमीटरने, सप्लाय बंद ठेवून. बजर मोडमध्ये एक प्रोब मोठ्या कॅपॅसिटरच्या मायनसला ठेवा आणि दुसरा एकेका पिनेला लावा. वाजली ती ग्राउंड. मग व्हीसीसी. इथं घाई नको, कारण कार्ड चालू केल्यावर तीन-चार पिनांवर ३.३ व्होल्ट दिसतात. डब्ल्यूपी (लिहिणं रोखणारी) आणि होल्ड (काम थांबवून धरणारी) या पिना रेझिस्टरमधून वर, म्हणजे व्हीसीसीकडे, ओढलेल्या असतात. सप्लाय बंद करून ३.३ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरच्या आउटपुटपासून ओहम मोजा: व्हीसीसी जवळपास शून्य दाखवेल, वर ओढलेल्या पिना हजारांत दाखवतील. त्या रेझिस्टरशिवाय थेट जोडलेल्या असतील तर ज्या पिनेला चिकटून छोटा कॅपॅसिटर ग्राउंडला जातो, ती व्हीसीसी धरा. मोजताना १.८ व्होल्टच आले तर थांबा. २४ मेगाहर्ट्झचे जे स्वस्त आठ चॅनेलचे अ‍ॅनालायझर मिळतात, त्यांना ‘एक’ ओळखायला साधारण २ व्होल्ट लागतात. त्यावर दिसेल ते खरं धरू नका.

ग्राउंड ४ आणि व्हीसीसी ८ सापडलं तरी काम झालं असं नाही. २४ सिरीजच्या ईईप्रॉमचंही (वेगळ्या जातीच्या छोट्या मेमरी आयसीचंही) तसंच असतं.

आता जोडणी. कार्ड मागावर असताना हे करू नका. अ‍ॅनालायझरचा ग्राउंड म्हणजे तुमच्या लॅपटॉपचा ग्राउंड, आणि मागाच्या पॅनेलमधला सप्लाय मेनपासून वेगळा असेलच याची खात्री नसते. कार्ड काढून टेबलावर आणा, बेंच सप्लायवर चालवा, लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. सगळ्यात आधी ग्राउंडची वायर लावा, मग उरलेल्या सहा पिना चॅनेल ० ते ५ ला. वायर वीतभरापेक्षा लांब नको. लांब वायरीमुळे क्लॉक बिघडतो आणि कधीकधी कार्ड बूटच होत नाही.

पल्सव्ह्यू या अ‍ॅनालायझरच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ मेगाहर्ट्झ सॅम्पल रेट ठेवा, कॅप्चर सुरू करा आणि त्यानंतरच कार्डाला सप्लाय द्या. उलट केलंत तर सुरुवातीचा सगळ्यात कामाचा भाग निसटतो. दोन सेकंद पुरतात, म्हणजे ४ कोटी ८० लाख सॅम्पल.

आता स्क्रीनवर सहा रेघा आहेत. आधी चिप सिलेक्ट, म्हणजे प्रोसेसर जिच्यावरून आयसीला बोलावतो ती रेघ, शोधा, तीच सगळ्यात सोपी. ती एरवी वर असते, खाली येते, थोडा वेळ खालीच राहते, परत वर जाते, आणि बाकीची हालचाल ती खाली असतानाच होते. तिच्या एका खड्ड्यात झूम करा. एकसारखे ठोके देणारी रेघ म्हणजे क्लॉक. ठोके मोजा, ते आठच्या पटीत येतात. उरलेल्यांपैकी जी पहिल्या ठोक्यापासूनच बोलते ती आयसीत जाणारी डेटा लाइन. जी पहिले आठ किंवा बत्तीस ठोके गप्प राहून मग बोलायला लागते ती बाहेर येणारी. आधी प्रोसेसर विचारतो, मग आयसी उत्तर देते. हा क्रम कंपनी बदलली तरी बदलत नाही, म्हणून मी पिन नंबरापेक्षा यावर जास्त भरवसा ठेवतो. दोन रेघा वरच राहिल्या तर त्या डब्ल्यूपी आणि होल्ड. नंतर त्याही हलायला लागल्या तर प्रोसेसर क्वाड मोडमध्ये (चार पिनांवरून एकदम डेटा नेण्याच्या पद्धतीत) गेलाय. त्याच्या आधीचाच भाग वाचा.

चिप सिलेक्टच नाही, दोनच रेघा हलतात आणि ठोके नऊ-नऊचे? मग ती २४ सिरीज, आयटूसी या दोन तारांच्या पद्धतीने बोलणारी. पहिला बाइट बहुतेक हेक्समध्ये (सोळा पायाच्या आकड्यांत) ए० निघेल.

शेजारच्या रेघेवर क्लॉकच्या जागी बारीक काटे दिसले तर तो डेटा नाही. ती क्लॉकची सावली आहे, वायरी एकमेकींपासून लांब करा. आणि क्लॉकच वेडावाकडा दिसला तर तो तुमच्या अ‍ॅनालायझरला झेपत नाहीये. सॅम्पल रेट क्लॉकच्या निदान चौपट हवा, म्हणजे २४ वर ६ मेगाहर्ट्झपर्यंतच विश्वास ठेवा. बूट होताना प्रोसेसर अनेकदा आधी हळू वाचतो आणि मग वेग वाढवतो, म्हणून कॅप्चरचं अगदी पहिलं टोक बघा.

अंदाज झाला की पल्सव्ह्यूमधला एसपीआय (फ्लॅशची ही चार तारांची पद्धत) डिकोडर लावा, मोड ०, आणि चारही चॅनेल नेमून द्या. आत जाणाऱ्या लाइनवर ०३ आणि पुढे तीन बाइटचा पत्ता आला तर ते साधं वाचन, आणि तुमच्या पिना बरोबर आहेत. ९एफ दिसलं तर फारच चांगलं, कारण उत्तरात आयसी आपली ओळख सांगते. ईएफ म्हणजे विनबाँड, सी२ म्हणजे मॅक्रोनिक्स, सी८ म्हणजे गिगाडिव्हाइस. ईएफ ४० १८ आलं तर विनबाँडची १६ एमबीची; हेक्स १८ म्हणजे २४, आणि दोनाचा चोविसावा घात म्हणजे १६ एमबी. पहिला बाइट १एफ आला तर आयसी अ‍ॅटमेलची, पण तो त्यांच्या २५ सिरीजमध्येही येतो; डी७ ही कमांड पुन्हा पुन्हा दिसली, तर माझी जळालेली एटी४५ आठवा आणि पिन टेबल बदला. नुसताच कचरा आला तर आधी दोन डेटा लाइनींची अदलाबदल करून बघा. माझ्याकडे निम्म्या वेळा तेवढ्यानंच काम होतं.

सगळं जुळल्यावर पिना वहीत काढून ठेवा, कार्डाचा नंबर आणि पिन १ चा ठिपका कुठल्या बाजूला आहे ते लिहून. मग आयसी काढून प्रोग्रामरमध्ये घाला. काळ्या सीएच३४१ए या स्वस्त प्रोग्रामरच्या डेटा पिनांवर बऱ्याचदा ५ व्होल्ट येतात, ३.३ व्होल्टच्या आयसीला ते जास्त आहेत, म्हणून आधी मोजून घ्या. आयसी दोनदा वाचा आणि दोन्ही फायली ताडून बघा. एका बाइटचाही फरक पडला तर लिहायला घेऊ नका, आयसीचे पाय आयसोप्रोपिलने पुसून परत वाचा.